डुरँगो ते रिजवे: आरव्ही घेऊन तीन घाट एका दिवसात कसे पार करायचे

कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यात यूएस ५५० हा हायवे डुरँगोहून उत्तरेला जातो आणि सान वान डोंगरातून कोल बँक (१०,६४० फूट), मोलास (१०,९१० फूट) आणि रेड माउंटन (११,०१८ फूट) असे तीन घाट ओलांडून युरे गावात उतरतो. अंतर जेमतेम सत्तर मैल. कारवाले अडीच तासात पोचतात. भाड्याची पंचवीस-तीस फुटी आरव्ही (आत किचन, बेड, बाथरूम असलेली मोठी गाडी), आत मुलं, भारतातून आलेले आई-बाबा, शिवाय भरलेला फ्रिज असं सगळं घेऊन जायचं असेल तर मात्र हा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम धरा आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

उन्हाळ्यात मेसा व्हर्डे नॅशनल पार्क बघून पुढे ब्लॅक कॅनियन नॅशनल पार्ककडे जाणारी आपली बरीच मंडळी हाच रस्ता पकडतात, कारण नकाशावर तो सरळ वर जाताना दिसतो आणि फोटो तर सगळ्यांनी बघितलेले असतातच. रस्ता खरंच सुंदर आहे, मी तो आवर्जून कराच असं सांगेन. पण तयारी करताना सगळे चढाचीच काळजी करतात, गाडी वर जाईल ना, इंजिन तापणार नाही ना वगैरे. चढावर फार तर गाडी रडतखडत जाते, मागच्यांना थांबावं लागतं, बस. खरी परीक्षा उताराची आहे, आणि इथे एका दिवसात तीन उतार आहेत. हे तिन्ही उतार कोरड्या रस्त्यावर, थंड ब्रेकने आणि ताज्या डोक्याने उतरता यावेत यासाठीच आदल्या दिवसापासूनची सगळी धडपड करायची.

आधी दिशा ठरवा

अमेरिकेत आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने जातो. रेड माउंटन पास ते युरे हा जो सगळ्यात अवघड भाग आहे, अनकंपाग्रे नदीच्या घळीला लागून जाणारा, तिथे डोंगर पूर्वेला आणि दरी पश्चिमेला आहे. म्हणजे डुरँगोहून युरेकडे, उत्तरेला जाणारी लेन डोंगराच्या कडेने जाते आणि युरेहून दक्षिणेला येणारी लेन दरीच्या कडेने. त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण हिवाळ्यात स्नोप्लाऊ बर्फ ढकलून सरळ दरीत टाकतात. डांबर संपतं तिथेच पांढरी पट्टी आणि पट्टीच्या पलीकडे हवा. म्हणून आरव्ही पहिल्यांदाच नेत असाल तर दक्षिणेकडून उत्तरेकडेच जा. तुमची ट्रिप उलट आखलेली असेल तर ती फिरवा, किंवा युरेच्या आधी रिजवेहून वळून डॅलस डिव्हाइड आणि लिझर्ड हेड पास (१०,२२२ फूट) असा कोलोरॅडो ६२ आणि १४५ चा रस्ता घेऊन कोर्टेझला उतरा, तो लांब पडतो पण बराच सोपा आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, उत्तरेला गेलात म्हणून दिवसभर डोंगराला चिकटून जाल असं नाही. मोलास पासवरून वाटेतल्या सिल्व्हरटन गावाकडे उतरताना ॲनिमास नदीची दरी तुमच्या उजव्याच हाताला येते. तो उतार सकाळी लवकर लागतो, तेव्हा माणूस फ्रेश असतो, म्हणून चालतं, पण आधी माहिती असलेली बरी.

डेनव्हरहून गाडी घेऊन येत असाल तर डुरँगोच्या आधी यूएस १६० वर वुल्फ क्रीक पास (१०,८५७ फूट) लागतो. त्याची पगोसा स्प्रिंग्सकडची बाजू ७ टक्क्यांच्या उताराची आहे पण रस्ता रुंद आहे, एकापेक्षा जास्त लेन आहेत आणि ब्रेक फेल झालेल्या ट्रकसाठी खडीचे रॅम्पही आहेत. खाली सांगितलेली उताराची पद्धत तिथे हात बसेपर्यंत करून बघा. सरावाला याहून चांगली जागा या वाटेवर नाही.

कधी जायचं

जून मध्य ते सप्टेंबर. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये या भागात दुपारी ढग जमतात, विजा, गारा, धो धो पाऊस, आणि पावसाबरोबर दगड-चिखल रस्त्यावर येतो. सकाळ बहुतेक वेळा स्वच्छ असते. म्हणून हिशोब असा करायचा की दुपारी बाराच्या आत, फार तर साडेबारापर्यंत, रेड माउंटन पास ओलांडलेला असला पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटी ॲस्पेनची झाडं पिवळी होतात तेव्हा दृश्य वेड लावणारं असतं पण गर्दीही तशीच, आणि बर्फ पडायला तेव्हापासूनच सुरुवात होऊ शकते. ऑक्टोबरनंतर आरव्ही इकडे आणू नका.

मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या वीकेंडला डुरँगो-सिल्व्हरटन सायकल रेस असते, १९७२ पासून चालू आहे, तेव्हा शनिवारी सकाळी हा रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. तसा मे महिना या रस्त्याला लवकरच पडतो, पण लाँग वीकेंड म्हणून कोणी प्लॅन करतंच म्हणून सांगितलं. चार जुलैला सिल्व्हरटनमध्ये आरव्ही उभी करायला जागा मिळणं कठीण. शक्यतो मंगळवार-बुधवार बघा.

आदल्या दिवशीची कामं

डुरँगो ६,५१२ फुटांवर आहे. तिथे दोन रात्री काढा. एक रात्र आराम आणि एक रात्र शरीराला उंचीची सवय व्हायला. डॅलस किंवा न्यू जर्सीहून येऊन दुसऱ्याच दिवशी अकरा हजार फुटांवर गेलं तर डोकं धरणार, मळमळणार, आणि ज्याला त्रास होईल तो ड्रायव्हरच असेल तर मग काय करणार?

वजन कमी करा. ब्लॅक टँक (संडासाची टाकी) आणि ग्रे टँक (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची) दोन्ही कॅम्पग्राउंडवर डंप करून टाका. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी काठोकाठ भरू नका. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पौंड, चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो नुसतं पाणी घेऊन तुम्ही तीनदा वर चढणार आणि तीनदा खाली ब्रेक लावणार. एक तृतीयांश टाकी त्या दिवसाला पुरते. कंपनीकडून मिळणाऱ्या क्लास सी गाड्यांमध्ये (म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या मध्यम आकाराच्या आरव्हींमध्ये) बऱ्याचदा फोर्ड ई-४५० चा सांगाडा असतो, त्याचं कमाल परवानगीचं वजन १४,५०० पौंड, म्हणजे साडेसहा टन. माणसं आणि सामान भरल्यावर गाडी त्या आकड्याच्या जवळ जाते.

टायरचा प्रेशर सकाळी गाडी थंड असताना बघायचा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा असेल तोच. वर गेल्यावर आणि टायर गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. मागच्या आतल्या टायरचा प्रेशर बघायला लोक कंटाळतात कारण हात पोचत नाही. तोच बघा.

पेट्रोल डुरँगोलाच फुल करा. इथे पंपावर एक गोष्ट नीट बघायची, कोलोरॅडोमध्ये रेग्युलर म्हणून ८५ ऑक्टेन विकतात आणि फोर्डच्या मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेलं असतं. डोंगर चढताना इंजिनवर सगळा लोड येणार आहे तेव्हा मधलं बटण दाबा, थोडे पैसे जास्त जातील. आरव्हीला एरवी गॅलनला आठ-दहा मैल मिळतात, चढावर त्याहून कमी मिळतात.

भाड्याचा करार वाचा. कुठल्या रस्त्यांना मनाई आहे, छपराचं नुकसान इन्शुरन्समध्ये येतं का (बरेचदा येत नाही), रस्त्यात बंद पडलात तर फोन कुठे करायचा, हे आदल्या रात्रीच वाचून नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण घाटात बऱ्याच ठिकाणी सिग्नल नसतो. ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा. कोलोरॅडोच्या रस्तेखात्याचं सीओट्रिप म्हणून ॲप आणि वेबसाइट आहे, त्यावर काम चालू असलेले आणि बंद असलेले रस्ते दिसतात. रात्री एकदा आणि सकाळी निघताना एकदा बघा. एका लेनचं काम चालू असेल तर अर्धा तास सहज जातो, तो वेळ धरूनच निघायचं.

आता किचन. सगळ्यात जास्त पसारा इथेच होतो. कपाटांच्या कड्या नीट लागल्यात का बघा, फ्रिजचं लॅच ओढून बघा. शेगडीच्या जाळीखाली नॅपकिन घाला, नाहीतर दिवसभर खडखडाट ऐकावा लागेल. मसाल्याचा डबा वरच्या कपाटात ठेवू नका, तो सिंकमध्ये टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, वळणावर हळद एकदा सांडली की भाड्याच्या गाडीच्या सीटवरून ती निघत नाही. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो त्यामुळे बंद पाकिटं फुगतात, चिप्सची पिशवी उशीसारखी टम्म होते, दह्याच्या डब्यावरची फॉइल वर येते, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं की तेल बाहेर येतं. लोणचं दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत उभं ठेवा आणि वर गेल्यावर उघडायचंच असेल तर सिंकवर धरून, झाकण थोडं थोडं फिरवत उघडा. शँपू, खोबरेल तेल, कफ सिरप सगळ्यांना हाच नियम.

दुपारचं जेवण सकाळीच करून घ्या. सिल्व्हरटनला ९,३०० फुटांवर पाणी साधारण ९०-९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला खूपच वेळ लागतो. प्रेशर कुकर असेल तर प्रश्न नाही, दोन शिट्ट्या जास्त लागतील. पण त्या दिवशी भाजी-पोळी, थेपले, दहीभात असं काहीतरी आधीच तयार असलं की स्वयंपाकात तास जात नाही आणि दुपारचा पाऊस अंगावर येत नाही.

सकाळ

साडेसात-आठला चाकं हलली पाहिजेत, म्हणजे सहाला उठणं आलं. बाहेरची फेरी मारायची: वीज आणि पाण्याचे पाइप काढले, गटाराचा पाइप आत, पायरी आत, ऑनिंग (बाजूची कापडी छत्री) घट्ट गुंडाळलेली, छपरावरच्या खिडक्या बंद, टीव्हीचा अँटेना खाली. प्रोपेन टाकीपाशी बंद करा. फ्रिज बंद असला तरी चार-पाच तास दार उघडलं नाही तर आतलं टिकतं, आणि तसंही एवढ्या उंचीवर गॅसवरचा फ्रिज नीट चालेलच असं नाही, ज्योत विझते. जनरेटरचंही तेच, वर गेल्यावर ताकद कमी होते, तेव्हा वर पोचून जनरेटरवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावायचा विचार सोडून द्या. एसीची गरजही पडत नाही तिथे.

सगळे सीटबेल्ट लावून बसणार. चालत्या गाडीत कोणी उठून चहा करायचा नाही, बाथरूमला जायचं नाही, मागच्या बेडवर आडवं व्हायचं नाही. मुलं ऐकत नाहीत पण आजोबाही ऐकत नाहीत, म्हणून निघायच्या आधी सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगा. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, आवळा सुपारी किंवा आल्याची वडी हाताशी द्या, गोळी घ्यायची असेल तर निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी.

शेजारच्या सीटवर जो बसेल त्याला काम द्या. उजव्या आरशात बघत राहणं, पुढचा पुलआउट (रस्त्याकडेला गाडी बाजूला घ्यायची जागा) कुठे आहे ते सांगणं, आणि दरी दिसली की न ओरडणं. हे तिसरं खरंच महत्त्वाचं आहे. बाजूला कोणी दचकून श्वास ओढला की ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवर आपोआप हलतो.

चढ

टो/हॉल बटण डुरँगो सोडल्यावर लगेच दाबा, बहुतेक गाड्यांत ते गिअरच्या दांड्याच्या टोकाला असतं. त्याने गाडी चढावर गिअर उगाच बदलत बसत नाही आणि उतारावर स्वतःहून खालचा गिअर धरते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, अकरा हजार फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. गाडी ३०-३५ मैलांवर येईल, इंजिन चार हजार आरपीएमवर किंचाळेल. हे नॉर्मल आहे, घाबरून पाय काढू नका आणि पूर्ण दाबूनही ठेवू नका.

टेंपरेचरचा काटा बघत राहा. वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर फुल गरम, खिडक्या उघडा. तरीही थांबेना तर पुलआउटमध्ये घेऊन न्यूट्रल किंवा पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून निवू द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना कोणीही उघडायचं नाही.

मागे गाड्या साचल्या की पुलआउट दिसताच बाजूला व्हा. मागचा माणूस चिडून वळणावर ओव्हरटेक करतो तेव्हा धोका तुम्हालाही असतो. फक्त डावीकडच्या पुलआउटमध्ये रस्ता ओलांडून शिरू नका, परत निघताना समोरचं काही दिसत नाही.

उतार

नियम सगळा एका ठिकाणी लिहितो, कारण तिन्ही उतारांना तोच लागू आहे. घाटमाथ्यावर, उतार लागायच्या आधी, वेग पूर्ण कमी करा आणि गिअर खाली घ्या. उतार सुरू झाल्यावर, गाडीने वेग घेतल्यावर गिअर पाडायला गेलात तर उशीर झालेला असतो. ज्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर नसतानाही गाडी फार पळत नाही तो बरोबर गिअर. इथे तो बहुतेक दुसरा असतो, काही ठिकाणी पहिला. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्या, त्या क्षणी गाडीला तेच थोपवून धरत असतं.

मग स्वतःसाठी एक वेग ठरवा, समजा २५ मैल. गाडी २५ ला पोचली की ब्रेक नीट जोर देऊन दाबायचा, तीनेक सेकंदात २० वर आणायची आणि पाय पूर्ण काढायचा. परत २५ झाली की परत तेच. ट्रक ड्रायव्हरांना अमेरिकेत परीक्षेसाठी हीच पद्धत शिकवतात. आपल्याला सवय असते ब्रेकवर हलका पाय ठेवून घसरत येण्याची, कारमध्ये ते खपून जातं, साडेसहा टनांच्या गाडीत त्याने ब्रेक सतत घासत राहून लाल होतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि मग पेडल स्पंजसारखं खाली जातं.

जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं तर पुढच्या पुलआउटची वाट बघत बसू नका, जी पहिली सुरक्षित सपाट जागा मिळेल तिथे थांबा. पार्कमध्ये टाका, चाकांना ठोकळे लावा, निदान अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतायचं नाही, तापलेल्या डिस्कला तडा जातो. आणि तिथून पुढे आधीपेक्षा एक गिअर खाली.

रस्ता, टप्प्याटप्प्याने

डुरँगोहून पहिले बारा-पंधरा मैल ॲनिमासच्या खोऱ्यातले, सपाट, हिरवे. हर्मोसाच्या आसपास नॅरोगेज रेल्वेचं क्रॉसिंग आहे, १८८२ पासूनची डुरँगो-सिल्व्हरटन लाइन, अजून कोळशाच्या दिवसांतल्या डौलात वाफेचं इंजिन धावतं. सकाळी गाडी दिसण्याची शक्यता असते, मुलांना खिडकीशी बसवा. पुढे पर्गेटरीच्या स्की रिसॉर्टपर्यंत चढ मध्यम आहे, इथेच गाडीचा अंदाज घ्या, टो/हॉलमध्ये ती कशी वागते, ब्रेक कसे धरतात.

पर्गेटरीनंतर कोल बँकचा चढ. माथ्यावर पार्किंग आहे, दहा मिनिटं थांबा, पाणी प्या. तिथून थोडा उतार आणि लगेच मोलासचा चढ. कोल बँकचा हा उतार छोटा आहे म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण दिवसाचा पहिला उतार हाच, पद्धत इथूनच चालू करा.

मोलासच्या व्ह्यूपॉइंटला मात्र मोठा ब्रेक घ्या. खाली मोलास लेक, समोर ग्रेनेडिअर रांगेचे दात, आणि वारा इतका स्वच्छ की आई-बाबांना गाडीतून उतरवून बाकावर बसवावंसं वाटतंच. हळू उतरवा. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश आहे, बाथरूमपर्यंत भरभर चाललं तरी धाप लागते. ज्यांना हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या डॉक्टरांशी ट्रिपच्या आधीच बोलून घ्या. डोकं दुखणं, मळमळ एवढंच असेल तर पाणी, विश्रांती आणि खाली उतरणं हा उपाय. बसल्या जागी धाप लागत असेल, बोलताना गोंधळ होत असेल, तोल जात असेल तर थांबायचं नाही, उंची कमी करायला लगेच निघायचं आणि मदत मागायची.

मोलासवरून सिल्व्हरटन सहा-सात मैलांत सोळाशे फूट खाली आहे. दरी उजवीकडे, वर सांगितलं तेच. नजर रस्त्यावर दूर ठेवा, दरीकडे बघत राहिलात की गाडी तिकडेच सरकते, आणि भीतीने डावीकडे पिवळी रेघ ओलांडू नका, समोरून येणाराही तेवढाच रुंद असू शकतो. गाव खाली दिसायला लागतं तेव्हा शेजारच्याला बघू द्या, तुम्हाला बघायचं असेल तर पुलआउट आहेत.

सिल्व्हरटनला मुख्य रस्ता पक्का आहे, बाजूच्या गल्ल्या मातीच्या. आरव्ही गावाच्या तोंडाशी जिथे निघायला सोपं पडेल तिथे लावा. साडेदहाला पोचलात तर अर्धा तास चहा, पाय मोकळे करणं, बस. दुपारकडे ट्रेन येते आणि शेकडो माणसं उतरतात, शिवाय ढग. जेवण इथे करायचा मोह होतो, मी म्हणेन करू नका, थोडं खा आणि निघा, जेवण युरेला. भरल्या पोटी, दुपारच्या पावसात रेड माउंटन उतरणं यापेक्षा तासभर उशिरा जेवलेलं केव्हाही चांगलं.

सिल्व्हरटन ते रेड माउंटन पास साधारण दहा मैलांचा चढ. माथ्याच्या आसपास लाल-केशरी डोंगर, लोखंडाच्या गंजाचा रंग आहे तो, आणि जुन्या खाणींचे मोडके लाकडी सांगाडे. १८८० च्या दशकात ऑटो मिअर्स नावाच्या माणसाने या खाणींसाठी घळीतून टोल रस्ता कोरला, आजचा हायवे बराचसा त्याच वाटेने जातो. म्हणून तो एवढा अरुंद आहे. याच रस्त्यावर बर्फ हटवताना हिमप्रपातात गेलेल्या स्नोप्लाऊ ड्रायव्हरांचं स्मारकही आहे. उन्हाळ्यात आपण ज्या रस्त्यावरून हसत-खेळत जातो तो बाराही महिने उघडा ठेवायची किंमत त्या माणसांनी दिली आहे. जागा असेल तर दोन मिनिटं थांबा.

माथ्यावर गिअर खाली. पास ते युरे साधारण तेरा मैलांत बत्तीसशे फूट उतरायचे आहेत, काही ठिकाणी ८ टक्के. पहिला तुकडा यू-टर्नसारख्या वळणांचा. वळणांवर १०-१५ मैलांच्या पाट्या आहेत, त्या कारसाठी सल्ला असतील, आरव्हीला त्या हुकूम समजा. आरव्हीचं मागचं ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागे राहणारा भाग, लांब असतं, स्टिअरिंग फिरवलं की शेपूट विरुद्ध बाजूला फेकली जाते, म्हणून वळणात थोडं उशिरा आणि संथ शिरायचं. मग आयर्नटनची सपाटी येते. इथे थांबा. गरज वाटली नाही तरी थांबा, ब्रेक निवतील, हात सैल होतील, कारण पुढचे काही मैल सगळ्यात अरुंद आहेत.

आयर्नटननंतर घळ सुरू होते. तुम्ही डोंगराच्या बाजूला आहात, पण समोरून येणारे दरीच्या भीतीने मध्यरेषेवर चढून येतात, आणि तुम्ही आपोआप उजवीकडे खडकाकडे सरकता. खडक काही ठिकाणी सरळ नाही, वरून रस्त्यावर झुकलेला आहे. आरव्हीचा वरचा उजवा कोपरा आणि ऑनिंग त्याच बाजूला असतात, चाकं पट्टीच्या आत असली तरी कोपरा घासू शकतो. म्हणून खूप रुंद गाडी समोरून येताना दिसली तर रुंद जागी वेग कमी करून तिला आधी जाऊ द्या. खडकाखाली छोटे दगड पडलेले असतात, त्यांना चुकवायला झटकन स्टिअरिंग मारायचं नाही, वेग आधीच कमी असेल तर वेळ मिळतो. हिमप्रपातासाठी बांधलेली काँक्रीटची शेड आणि गावाच्या अलीकडे छोटा बोगदा लागतो, हेडलाइट चालूच ठेवा, गॉगल काढा. तुमच्या गाडीची उंची आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर लिहिलेली असते, क्लास सी साधारण बारा फूट, ती पाठ असू द्या.

शेवटची वळणं घेत युरे एकदम पायाखाली दिसतं. इथेच लोक सैल सोडतात, ब्रेकवर पाय ठेवून गाव बघत उतरतात. दुसरा गिअर गावाची पाटी येईपर्यंत सोडू नका.

युरे आणि मुक्काम

गावाच्या उत्तर टोकाला गरम पाण्याचा सार्वजनिक पूल आहे, युरे हॉट स्प्रिंग्स. जेवून, तासभर थांबून तिथे जा, आई-बाबांच्या गुडघ्यांना बरं वाटेल. पाण्यातून बाहेर आल्यावर उठताना हळू उठा, उंचीवर चक्कर पटकन येते.

मुक्काम युरेतही होतो, पण मी पुढे पंधराएक मैलांवर रिजवे स्टेट पार्क सुचवेन. उंची सात हजारांच्या खाली येते, त्यामुळे रात्री झोप चांगली लागते, आणि पा-को-चू-पक नावाच्या भागात वीज-पाणी-गटार असं फुल हुकअप मिळतं. उन्हाळ्यात बुकिंग बरंच आधी करावं लागतं. गाडी लावली की चारही बाजूंनी चाकाजवळ हात नेऊन बघा, न टेकवता, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर तो ब्रेक अडकत असेल, सकाळी कंपनीला फोन करा आणि तसंच पुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी ब्लॅक कॅनियनला जाणार असाल तर आरव्ही साउथ रिमच्या रस्त्यावरच ठेवा. तिथून खाली नदीपर्यंत ईस्ट पोर्टल नावाचा एक रस्ता उतरतो, १६ टक्क्यांचा, आणि २२ फुटांपेक्षा लांब गाड्यांना त्यावर बंदी आहे. जीपीएसला हे कळत नाही, ते खुशाल तिकडे वळवतं.